हुंकार

सावंतवाडी तालुक्याच्या दक्षिणेकडल्या टोकाला, तेरेखोल नदीच्या काठी, आमचे आरोंदा गाव आहे. पलीकडच्या काठावर किरणपाणी. तो पेडणे महाल, म्हणजे गोवा. आता मध्ये पूल झाला आहे. पूर्वी होडीने पलीकडे जावे लागे. माझा जन्म १९५२चा. मी शाळेत जाऊ लागलो तेव्हा त्या काठावर अजून पोर्तुगिजांचे राज्य होते आणि पलीकडे जायचे तर परवान्याची भानगड असे. पण तिन्हीसांजेला वारा पडला की तिकडची हाक इकडे स्वच्छ ऐकू येई. कोणी गुरांना हाक घाली, कोणी मुलाला घरी बोलावी. माणसाला परवाना लागे; आवाजाला तो कोणी मागत नसे. आणि मौज अशी की, हाक आली की अलीकडून कोणीतरी हटकून ओ देई. ओ दिल्यावाचून हाक पुरी होत नाही, हे आम्हाला कोणी शिकवावे लागले नव्हते.

घरात गोष्टीचेही तसेच असे. दिवेलागण झाली, परवचा म्हणून झाला, की सारवलेल्या खळ्यात आम्ही पाचसहा पोरे आजीभोवती कोंडाळे करून बसत असू. गोष्ट सुरू करण्यापूर्वी आजी एकाला नेमून टाकी, "आज हूं तू म्हणूचा!" हे काम मोठ्या मानाचे. आजीने एक वाक्य सांगावे, नेमलेल्याने 'हूं' म्हणावे, मग पुढचे वाक्य. हुंकार चुकला की आजी थांबे. "हूं म्हण रे, नायतर गोष्ट हंयच रवतली," असा दम देई. गोष्ट तिथेच राहणार, राजपुत्र झाडावर लटकलेलाच राहणार, या भयाने बाकीची पोरे त्या बिचाऱ्याला कोपरखळ्या मारीत. गोष्ट सांगणाऱ्याइतकीच ऐकणाऱ्याच्याही मालकीची असते, हा धडा मी त्या खळ्यात शिकलो. पुढे वाचनात आले की राजस्थानातही बात सांगणाऱ्यासमोर हुंकारा देणारा असावा लागतो. तेव्हा ही काही आमच्या आजीचीच खोड नव्हे. हा जुना रिवाज आहे.

हे सारे आठवण्याचे कारण यंदाच्या चतुर्थीत घडले. चाकरमानी मंडळी गावी आली होती. घरात माणसांची वर्दळ, चुलीपाशी मोदकांची गडबड. माझा चार वर्षांचा नातू प्रत्येकाच्या पायात पायात येत होता. त्याच्या आईने, म्हणजे माझ्या लेकीने, त्याला पडवीच्या कोपऱ्यात बसवले, मोबाइलवर एक गोष्ट लावून दिली आणि कानांत ती बोंडे घातली. ऑडिओबुक म्हणतात ते हे. वीसपंचवीस मिनिटे पोर अगदी शहाण्यासारखे बसून होते. मी जवळ गेलो आणि विचारले, "मग काय झाले रे सिंहाचे?" त्याने खांदे उडवले. म्हणाला, "माहीत नाही. तो काका थांबतच नाही."

मी एक बोंड माझ्या कानात घालून पाहिले. वाचणारा गृहस्थ उत्तम होता. आवाज गोड, उच्चार शुद्ध, भाषा साधी. त्याच्यात नाव ठेवण्यासारखे काही नव्हते. तो फक्त थांबत नव्हता. कोण ऐकतो आहे हे त्याला कुठून कळणार?

ते वाक्य माझ्या मनात घर करून बसले. माणसावाचून नुसता आवाजच गोष्ट सांगू लागला तो केव्हापासून? आणि त्या आवाजाशी लहान मुलाची ओळख आजवर कोणी, कशी करून दिली? सणाच्या धामधुमीनंतर घर रिकामे झाले तेव्हा मी या गोष्टीचा मागे मागे जाऊन शोध घेऊ लागलो. जे हाती लागले ते दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवतो.

आमच्या मुलखात कानांनी ऐकण्याच्या पुस्तकाची परंपरा छापील पुस्तकापेक्षा जुनी आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी म्हणून प्रसिद्ध आहेत. रामायण-महाभारतातले प्रसंग हाताने कागदावर रंगवायचे, त्यांची पोथी करायची आणि तेलाच्या दिव्यापुढे एकेक चित्र उचलून वाद्यांच्या साथीवर कथा सांगायची, हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. सावंतवाडीच्या राजघराण्याने त्याला आश्रय दिला. २०२१ साली पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली ती ही कला जतन केल्याबद्दल. डोळ्यांपुढे चित्र, कानांत कथा आणि समोर सांगणारा माणूस: लहान मुलासाठी याहून चांगले पुस्तक अजून निघायचे आहे, असे मला वाटते.

दुसरी शाळा दशावताराची. जत्रेच्या रात्री, पालखी फिरून आली की दशावतार उभा राहतो तो पहाटेपर्यंत. लिहिलेली संहिता नसते; आख्यान ठरवायचे आणि संवाद रंगमंचावरच सुचतील तसे बोलायचे. सुरुवातीच्या आडदशावतारात काळ्या मुखवट्याचा संकासूर येतो. पहिल्याने पोरे आईच्या कुशीत तोंड लपवतात. मग तो ठेवणीतल्या मालवणीत थट्टा करू लागला की तीच पोरे हसून लोळतात. पुढे आख्यान लागले की राजे आणि ऋषी संस्कृतप्रचुर मराठीत बोलू लागतात. एकाच रात्री, एकाच मांडवात, घरची बोली आणि ग्रंथांची भाषा अशा दोन्ही मुलाच्या कानांवर पडत. आणि अडाण्याला न कळलेला शब्द शेजारचा म्हातारा कानात सांगे.

तिसरी शाळा पोथीची. चातुर्मासात श्रीधरस्वामींचे 'हरिविजय', 'रामविजय', 'पांडवप्रताप' घराघरांतून लागत. ज्याला वाचता येई तो ओव्या म्हणे, दुसरा कोणी अर्थ सांगे, बाकीचे ऐकत. ज्या बायकांना अक्षरओळख नव्हती त्यांच्या तोंडी अध्यायांच्या अध्याय असत ते यामुळे. तात्पर्य, वाचणारा एक आणि ऐकणारे घरभर, ही आपल्याकडे जुनीच चाल आहे. यांत्रिक आवाज आला तो या भरल्या घरात आला.

आता थोडे परदेशात जाऊ. १८७७ साली अमेरिकेत एडिसनने कथिलाच्या पातळ वर्खावर आवाज कोरणारे यंत्र बनवले. त्या फोनोग्राफपुढे तो पहिल्याने काय बोलला? मेंढी पाळणाऱ्या एका मुलीचे, तिकडच्या पोरांच्या तोंडचे बडबडगीत! म्हणजे यंत्राचे बारसे झाले तेच बाळगाण्याने. पुढच्याच वर्षी, १८७८ साली, त्याने या यंत्राचे संभाव्य उपयोग एका लेखात मोजून मांडले. त्यांत आंधळ्यांसाठी बोलकी पुस्तके होती, बोलकी खेळणी होती, भाषांचे उच्चार जसेच्या तसे जपून ठेवणे होते, आणि घरातल्या माणसांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात साठवणेही होते. सव्वाशे-दीडशे वर्षांत आपण या यंत्राचे जे जे केले ते जवळजवळ सगळे त्या यादीत सापडते.

मात्र मुलांच्या बाबतीत त्याचा पहिला प्रयोग साफ फसला. १८९० साली त्याच्या कारखान्याने बोलणारी बाहुली विकायला काढली. पोटात लहानसा फोनोग्राफ. पाठीमागचा दांडा फिरवला की बाहुली बडबडगीत म्हणे. पण आवाज कर्कश, यंत्र नाजूक. तक्रारी घेऊन बाहुल्या परत येऊ लागल्या आणि काही आठवड्यांतच ते उत्पादन बंद करावे लागले. दोष यंत्राचा होता हे खरेच. तरी मला त्या बाहुलीची आठवण होते ती वेगळ्या कारणाने. मुलगी बाहुलीशी बोलते ती बाहुली गप्प असते म्हणून. बाहुलीच बोलत सुटली, आणि तेही एकच एक, तर मुलीने काय करायचे?

हिंदुस्थानात ग्रामोफोन कंपनीचे लोक ध्वनिमुद्रणासाठी आले ते १९०२ साली. कलकत्त्याला गोहरजानचे गाणे तबकडीवर उतरले. १९०८ साली तिथेच तबकड्यांचा कारखाना निघाला, आणि कर्ण्यापुढे बसलेल्या कुत्र्याचे चित्र देशभर पोचले. कोकणात हे यंत्र आणले मुंबईच्या चाकरमान्यांनी. आमच्या वाडीत एकच फोनो होता. सुटीत त्याचा मालक आला की खळ्यात चटया पडत. त्या तबकडीची एक बाजू तीनसाडेतीन मिनिटांत संपे. मग तबकडी उलटायची, सुई बदलायची, किल्ली द्यायची. तेवढ्या वेळात ऐकलेल्यावर बोलून घ्यायचे. "काय म्हणाला तो?", "पुन्हा लावा!", "गप रे, आता येतो बघ गणपतीचा पद!" आज वाटते, यंत्राचे ते उणेपण आम्हा मुलांना फार सोयीचे होते. दर तीन मिनिटांनी त्याला थांबावेच लागे, आणि मोठे माणूस त्याच्याजवळ बसलेलेच असे. हुंकाराला जागा होती.

याच काळात आपल्याकडे एक पुस्तक झाले, ज्याची रचनाच मुळी ऐकण्यासाठी आहे. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. तिच्या प्रकरणांना प्रकरणे म्हटलेले नाही. रात्री म्हटले आहे. अशा बेचाळीस रात्री. आश्रमातले मित्र जेवणखाण आटोपून बसतात आणि श्याम सांगू लागतो. सांगणारा रडतो, ऐकणारे रडतात, गोष्ट संपली की त्यांच्यात बोलणे होते. कोकणातल्या पालगडात वाढलेल्या या माणसाला लिहिताना समोर ऐकणारे हवेच होते. ते तुरुंगात पुरेसे मिळाले नाहीत तर त्याने ते कागदावर आणून बसवले, असेच म्हणाना!

पूर्ण पुस्तक तबकडीवर उतरले ते मात्र करमणुकीसाठी नव्हे. पहिल्या महायुद्धात डोळे गमावून बसलेल्या जवानांचा प्रश्न इंग्लंड-अमेरिकेपुढे होता. ब्रेल लिपी शिकणे मोठ्या वयात अवघड जाते. १९३१ साली अमेरिकेने आंधळ्यांना पुस्तके पुरवण्याचा कायदा केला, १९३४ साली तिथे बोलकी पुस्तके निघाली, आणि १९३५ साली इंग्लंडमध्ये. साध्या तबकडीवर तीन मिनिटांत भागणार नाही, म्हणून सावकाश फिरणारी, एका बाजूला पंधरा-एक मिनिटे वाजणारी तबकडी त्यांच्यासाठी वापरात आली. संगीतप्रेमींच्या बाजारात तशी लांब तबकडी पोचली ती १९४८ साली. म्हणजे या एका बाबतीत डोळस लोक आंधळ्यांच्या मागून आले.

पण त्या अमेरिकन कायद्यात एक शब्द होता: 'प्रौढ'. आंधळ्या मुलाला ही पुस्तके हक्काने मिळत नसत. तो शब्द काढून टाकायला १९५२ साल उजाडावे लागले. एकवीस वर्षे! त्या काळात जन्मून मोठ्या झालेल्या किती मुलांच्या गोष्टी 'हंयच रवल्या' असतील याचा हिशेब कोण देणार? आपल्याकडेही १९५२ सालीच मुंबईत 'नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड' ही संस्था उभी राहिली, आणि बोलक्या पुस्तकांचे काम पुढे तिनेही हाती घेतले. आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये बार्बरा कोहेन व मेरियन रोनी या विशी-बाविशीतल्या दोन मुलींनी कॅडमॉन नावाची कंपनी काढून डिलन टॉमस या कवीचा आवाज तबकडीवर घेतला. कविता एका बाजूला मावल्या, दुसरी बाजू रिकामी राहिली. तिथे काय भरायचे? त्याने आपल्या लहानपणच्या नाताळाच्या आठवणींचा एक लेख वाचला. ती रिकामी बाजू भरायला घेतलेली सणाची आठवणच लोकांना सर्वांत आवडली आणि कंपनी तरली. सणाच्या दिवशी मोठ्या माणसाने आपले लहानपण मोठ्याने सांगावे आणि लहानांनी ते ऐकावे, ही गोडी आरोंद्याला आणि अमेरिकेला सारखीच!

आपल्याकडे या सर्वांहून मोठी कामगिरी बजावली ती रेडिओने. मुंबईचे केंद्र १९२७ साली सुरू झाले, पुण्याचे १९५३ साली. पुणे केंद्राच्या 'बालोद्यान' कार्यक्रमात 'आनंद' मासिकाचे संपादक गोपीनाथ तळवलकर 'नाना' होऊन मुलांना भेटत. रेडिओवरच्या बालकार्यक्रमांची एक खुबी तेव्हा माझ्या ध्यानात आली नव्हती, आता येते. नाना असोत की ताई, त्या आवाजाभोवती स्टुडिओत खरी मुले बसवलेली असत. ती मध्येच हसत, प्रश्न विचारत, "मग?" म्हणत. त्यांचे ते "मग?" ऐकून आम्ही इकडे "मग?" म्हणत असू. रेडिओच्या जाणत्या लोकांनी हुंकार देणारी मुले आवाजाबरोबरच पाठवून दिली होती!

१ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे केंद्रावरून 'गीतरामायण' सुरू झाले. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांचे संगीत. वर्षभर आठवड्याला एक याप्रमाणे छप्पन्न गीते. मी तेव्हा तीन वर्षांचा. त्यामुळे सांगतो ते वडिलधाऱ्यांकडून ऐकलेले. लोक स्नान करून रेडिओपुढे बसत, कोणी रेडिओला हार घालीत. घरात एक रेडिओ असे आणि आसपासच्या दहा घरांची माणसे. मुलांनी रामायण ऐकले ते आजीच्या मांडीवर बसून, आजीचे डोळे कुठल्या कडव्याला भरून येतात ते बघत. १९६१च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, जानेवारी १९६२मध्ये पणजीचे केंद्र आकाशवाणीचे झाले आणि आम्हा आरोंदेकरांच्या अगदी उंबरठ्यावर रेडिओ आला. वाण्याच्या दुकानातल्या बॅटरीच्या सेटपुढे आम्ही फळकुटावर ओळीने बसत असू. मध्येच खरखर झाली की वाणी काय हुकले ते आपल्या पदरचे सांगून गोष्ट पुरी करी. त्याची गोष्ट पुष्कळदा रेडिओहून सरस असे.

फिलिप्स कंपनीने १९६३ साली कॅसेट आणली, आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत ती खेड्यापाड्यांत पोचली. आखातात नोकरीला गेलेला माणूस परत येताना टेपरेकॉर्डर घेऊन यायचाच. पु. ल. देशपांडे यांचे कथाकथन घराघरांत वाजू लागले. दहा वर्षांची पोरे 'म्हैस' तोंडपाठ म्हणून दाखवू लागली. या ध्वनिफितींत एक गोष्ट न बोलता आलेली असे: श्रोत्यांचे हसणे. कुठे हसायचे, कुठे थबकायचे, हे लहान मूल त्या हशावरून शिके. १९८० साली रंगभूमीवर आलेल्या गंगाराम गवाणकरांच्या 'वस्त्रहरण'ने तर मच्छिंद्र कांबळी यांच्या तोंडून मालवणी बोली साऱ्या महाराष्ट्राला ऐकवली. आमची बोली बोलली फार, लिहिली थोडी. तिला कागदापेक्षा आवाजच मानवतो.

आणि आज? २०१७ साली स्टोरीटेल ही स्वीडनची कंपनी हिंदुस्थानात आली आणि मराठी पुस्तके हजारो लोक मोबाइलवर ऐकू लागले. मी स्वतः ऐकतो. डोळे थकल्यापासून तर नेमाने ऐकतो. मुलांसाठीही पुष्कळ आहे. जे मूल इंग्रजी शाळेत जाते, ज्याला देवनागरी अजून अडखळत वाचता येते, ते कानांनी चांगले मराठी ऐकू शकते. परदेशातल्या नातवंडांना तर हाच एक धागा उरला आहे. तेव्हा यंत्राला शिव्या देण्यासाठी मी लेखणी उचललेली नाही. प्रश्न एवढाच आहे की, या यंत्राने इतिहासात प्रथमच दोन गोष्टी एकदम साधल्या. एक, ते कधीच थांबेनासे झाले. दोन, ते एकट्याच्या कानात गेले. खळे रिकामे झाले.

याने बिघडते काय, असे कोणी विचारील. २००३ साली अमेरिकेत पॅट्रिशिया कूल या विदुषीने एक प्रयोग प्रसिद्ध केला. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषा ऐकवली. काही बाळांशी चिनी बाई प्रत्यक्ष बोलत, खेळणी दाखवत, गोष्टीचे पुस्तक वाचत, अशा बारा बैठका झाल्या. काहींना तेच सर्व पडद्यावर दाखवले, काहींना नुसते ध्वनिमुद्रण ऐकवले. ज्यांच्यापुढे बाई होती ती बाळे चिनी भाषेतले अनोळखी ध्वनी वेगळे ओळखू लागली. पडदा आणि ध्वनिमुद्रण यांच्यापुढे बसलेली बाळे जिथल्या तिथे राहिली. आवाज तोच, शब्द तेच, फरक माणसाचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालील मुलांसाठी जी मार्गदर्शक सूत्रे काढली, त्यांतही मुलाच्या बैठ्या वेळात पडद्याऐवजी सांभाळणाऱ्या माणसाबरोबर वाचन आणि गोष्टी व्हाव्यात, असेच सुचवले आहे. आमच्या आजीने हे कुठे वाचले नव्हते.

म्हणून लेकीला मी जे सांगितले तेच इथे लिहितो. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला यंत्राची गोष्ट नको. त्याला आपला तोंडाळ आवाज, चुकीच्या सुरातले अंगाईगीत आणि भिंतीवरची पाल पुरते. तीनचार वर्षांचे झाले की पाचसात मिनिटांची गोष्ट निवडावी. आधी ती आपण तोंडाने सांगावी, मग यंत्रावर लावावी; ओळखीची गोष्ट परक्या आवाजात ऐकण्याची मुलांना कोण मौज वाटते! कानांत बोंडे घालू नयेत. आवाज खोलीत मोकळा सोडावा, म्हणजे भाजी निवडता निवडता आपणही ऐकतो. चित्रांचे पुस्तक असेल तर मांडीवर घ्यावे आणि बोट फिरवावे. चित्रकथ्याने दुसरे काय केले? दोन-तीन मिनिटांनी आवाज थांबवावा. थांबवण्याची कळ त्या यंत्राला आहेच. फोनोच्या तबकडीचे काम आता आपल्या अंगठ्याने करायचे. "मग काय झाले असेल रे?" असे विचारावे आणि उत्तराला घाई करू नये. तीच गोष्ट त्याने वीस वेळा मागितली तर वीस वेळा लावावी. सहासात वर्षांचे मूल मग आपण होऊन लांब गोष्ट एकट्याने ऐकू लागते. तोवर 'मग?' म्हणण्याची सवय त्याला लागलेली असते. समोर कोणी नसले तरी ते मनातल्या मनात हुंकार देते. वाचन वाचन म्हणतात ते तरी याहून वेगळे काय आहे?

आता घरचीच एक गोष्ट सांगून पुरे करतो. १९९० साली माझा धाकटा भाऊ मस्कतहून टेपरेकॉर्डर घेऊन आला. माझी लेक तेव्हा चार वर्षांची होती. माझ्या आईने, जिने आजीच्या सगळ्या गोष्टी उचलल्या होत्या, नातीला गोष्ट सांगावी आणि ती टेप करावी असे ठरले. एका बाजूला अर्धा तास गोष्ट उतरली. आम्ही ती दोनचारदा ऐकली आणि विसरलो. पुढे जत्रेच्या वेळी घरात कोरी कॅसेट सापडेना, तेव्हा मी स्वतःच त्या कॅसेटवर दशावताराचे आख्यान उतरवून घेतले. आई तेव्हा हयात होती. तिचा आवाज घरात दिवसभर ऐकू येत होता. तो साठवायला हवा असे कोणाला वाटणार? ती १९९८ साली गेली.

यंदा चतुर्थीनंतर लेकीने माळ्यावरची ती पेटी काढली. कॅसेट अजून वाजत होती. पेटीच्या सुरांत आख्यान रंगत गेले आणि फीत संपत आली तसे ते एकाएकी तुटले. आणि खरखरीतून आईचा आवाज आला. मी पुसलेल्या गोष्टीचे शेपूट तेवढे वाचले होते. एखादा मिनिट असेल. "...मगे ती म्हातारी म्हणता, 'माझा घर खंय?' आयकतस मां गो?" आणि त्यावर एका चिमुकल्या मुलीचा झोपाळलेला आवाज, "हूं."

लेक काही बोलली नाही. नातू तिच्या मांडीवर बसून ऐकत होता. टेपवरची म्हातारी पुढचे वाक्य बोलून गप्प झाली, फीत संपली, बटण टक्कन वर आले. आणि त्या शांततेत पोराने, कोणी न सांगता, म्हटले, "हूं."

मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आजोबा, पुढे काय झाले?"

पुढचे कुठल्याच यंत्रात नव्हते. अर्धे मला आठवत होते. उरलेले मी तेरेखोलच्या काठाने, आठवेल तसे, रचत गेलो. मालवणीतच सांगितले. दोनतीन शब्द त्याला कळले नाहीत. ते त्याच्या आईने कानात सांगितले. लेकीने मोबाइल काढून समोर ठेवला आणि ते सारे मुद्रित करून घेतले: माझी गोष्ट, तिचे कुजबुजणे आणि त्याचे हुंकार. या खेपेला त्यावर दुसरे काही उतरवायचे नाही, असे आम्ही तिघांनी ठरवले आहे.